दोनास एक : ड्रॉपरच्या रॉकेटातून रसायनशास्त्र

हायड्रोजनची चाचणी आपण सगळ्यांनीच शाळेत पाहिली आहे. परीक्षानळीत जस्ताचे दाणे, वरून विरल आम्ल, नळीच्या तोंडाशी जळती काडी आणि ‘टप्’ असा आवाज. फळ्यावर ‘हा वायू आवाज करून जळतो’ असे वाक्य येते आणि पान उलटले जाते. मुलांच्या मनात मात्र खरे प्रश्न तिथेच उभे राहिलेले असतात. आवाज का झाला? मोठा करता येईल का? या जळण्यातून काही ढकलता, उडवता येईल का?

हे प्रश्न पुढे नेणारा एक सुंदर प्रयोग आहे. प्लॅस्टिकच्या ड्रॉपरचा फुगा कापायचा, त्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजन ठरावीक प्रमाणात भरायचे, ठिणगी द्यायची. फुगा रॉकेटसारखा उडतो. जगभरच्या अनेक शाळांत तो वर्षानुवर्षे केला जातो. आपल्याकडच्या शाळांनाही तो सहज जमण्यासारखा आहे, कारण लागणारे बहुतेक साहित्य प्रयोगशाळेच्या कपाटात, औषधाच्या दुकानात आणि स्वयंपाकघरात मिळते. हा लेख नववी ते बारावीच्या विज्ञान शिक्षकांसाठी आहे आणि प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखालीच करायचा आहे.

सुरुवातीलाच एक आग्रहाची विनंती : कोणते प्रमाण सर्वांत चांगले, हे मुलांना आधी सांगू नका. दोनास एक हे उत्तर पाठ्यपुस्तकात आहेच. या प्रयोगाचे मोल असे की ते उत्तर मुलांना स्वतःच्या कानांनी आणि मोजपट्टीने सापडते. आधी सांगितले तर उरते ती केवळ आतषबाजी. न सांगता करू दिले, तर हेच रॉकेट रेणूंचे प्रमाण मोजणारे उपकरण होते.

साहित्य

चार-चार मुलांच्या एका गटाला पुढील गोष्टी लागतील :

• नळी आणि फुगा एकसंध असलेले मऊ प्लॅस्टिकचे चार ड्रॉपर. प्रयोगशाळेचे साहित्य विकणारे यांना पाश्चर पिपेट किंवा ट्रान्सफर पिपेट म्हणतात. फुग्यात साधारण तीन ते चार मिली पाणी मावते.
• दोन छोट्या परीक्षानळ्या, त्यांना बसणारी एका छिद्राची रबरी बुचे, परीक्षानळ्यांचा स्टँड.
• जस्ताचे दाणे, सुमारे एक ग्रॅम.
• ३ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल, १० मिलीपर्यंत.
• ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, १० मिलीपर्यंत.
• चिमूटभर मँगनीज डायऑक्साइड. ते नसेल तर बेकरीत वापरतात ते यीस्ट किंवा कच्च्या बटाट्याचे बारीक तुकडे.
• सुई काढलेली १ किंवा २ मिलीची सिरिंज, न पुसणारा मार्कर, पाण्याचे चंचुपात्र, मोजपट्टी.
• प्रत्येकाला सुरक्षा चष्मा. वायू तयार करणाऱ्याला हातमोजेही.

सगळ्या वर्गासाठी एकच उड्डाणमंच पुरतो. त्याबद्दल पुढे सांगतो.

दोन द्रावणांबाबत शिक्षकांनी स्वतः काळजी घ्यायची आहे. संहत हायड्रोक्लोरिक आम्ल साधारण १२ मोलर असते. त्याचा एक भाग तीन भाग पाण्यात मिसळला की ३ मोलर द्रावण तयार होते. आम्ल पाण्यात, सावकाश, ढवळत ओतायचे. पाणी आम्लात कधीही नाही. हे काम तासाच्या आधी, मुलांच्या हाती न देता करावे. हायड्रोजन पेरॉक्साइड औषधाच्या दुकानात बहुधा ६ टक्क्यांचे मिळते. बाटलीवरचा आकडा वाचून घ्या आणि तेवढेच पाणी घालून ते ३ टक्क्यांवर आणा. प्रयोगशाळेतले ३० टक्क्यांचे तीव्र पेरॉक्साइड या प्रयोगासाठी कपाटातून बाहेरच काढू नये. ते त्वचा भाजते, आणि उत्प्रेरक पडताच उसळून नळीबाहेर येते.

किती वायू मिळेल याचा हिशेब मुलांकडून आधीच करून घ्या. ३ मोलर आम्लाच्या ५ मिलीमधून, जस्त पुरेसे असेल तर, वर्गाच्या तापमानाला सुमारे १८० मिली हायड्रोजन मिळतो. ३ टक्के पेरॉक्साइडच्या ५ मिलीमधून सुमारे ५० मिली ऑक्सिजन मिळतो. एका फुग्याला लागतात जेमतेम तीन-चार मिली. म्हणजे इतक्याशा द्रावणात गटाचा सगळा प्रयोग होतो आणि थोडा वायू वायाही जाऊ देता येतो. मोठी भांडी, मोठ्या बाटल्या यांची गरजच नाही.

फुग्यावर खुणा

ड्रॉपरची नळी अशी कापा की फुग्याला एक ते दीड सेंटिमीटरची मान राहील. हे झाले रॉकेट. कापलेल्या नळीचा निमुळता तुकडा टाकू नका. त्याचे टोक वर ठेवून तो बुचाच्या छिद्रात घट्ट बसवला की वायू बाहेर सोडणारी चोच तयार होते. अशा दोन चोची हव्यात : एक हायड्रोजनच्या नळीसाठी, एक ऑक्सिजनच्या.

आता फुग्याचे सहा समान भाग करायचे. मान वर धरून सिरिंजने मानेपर्यंत पाणी भरा आणि फुग्यात किती मावले ते मोजा. समजा ३ मिली मावले, तर एक भाग अर्ध्या मिलीचा. फुगा रिकामा करा, अर्धा-अर्धा मिली पाणी घालत जा, टिचकी मारून ते तळाशी आणा आणि प्रत्येक पातळीवर बारीक रेघ ओढा. फुग्याचा आकार सरळ नसल्यामुळे रेघांमधले अंतर सारखे येणार नाही. मुले हटकून विचारतील की मोजपट्टीने सहा भाग का करायचे नाहीत. समान उंची म्हणजे समान आकारमान नव्हे, हे त्यांना इथेच उमगते.

दोन वायू

पहिल्या नळीत जस्त टाका आणि वरपर्यंत, साधारण एक सेंटिमीटर जागा सोडून, आम्ल भरा. दुसऱ्या नळीत तसेच पेरॉक्साइड भरा आणि त्यात मँगनीज डायऑक्साइडची चिमूट टाका. दोन्ही नळ्यांना चोची असलेली बुचे लावा. नळी जवळजवळ भरलेली ठेवण्यामागे कारण आहे. द्रावणावरची मोकळी जागा म्हणजे हवा, आणि हवा म्हणजे पाच भागांतले जवळजवळ चार भाग नायट्रोजन. तो रॉकेटात शिरला तर जळण्यात भाग घेत नाही, फक्त जागा अडवतो आणि उष्णता खातो. म्हणून बूच लावल्यावर एखादे मिनिट थांबा, आतली हवा निघून जाऊ द्या, आणि मगच वायू गोळा करायला घ्या. पहिला भरलेला फुगा रिकामा करून टाकणे हा चांगला नियम आहे.

जस्त फार शुद्ध असेल तर बुडबुडे मंद येतात. मोरचुदाच्या द्रावणाचा एक थेंब घातला की वेग वाढतो. जस्तावर तांब्याचा पातळ थर बसतो आणि त्यावर हायड्रोजन भराभर सुटतो. ऑक्सिजनच्या बाजूला यीस्ट वापरणार असाल तर कोमट पाण्यात भिजवून घ्या आणि थोडा धीर धरा. बटाट्यामध्ये असलेले कॅटॅलेज नावाचे विकर पेरॉक्साइडचे विघटन करते. हेच विकर आपल्या रक्तातही असते. जखमेवर पेरॉक्साइड टाकल्यावर फेस का येतो, याचे उत्तर मुलांना आपोआप मिळते.

भरण्याची रीत

फुगा पाण्यात बुडवून दाबा, सोडा, पुन्हा दाबा. आत हवेचा एकही बुडबुडा राहता कामा नये. पाण्याने भरलेला फुगा मान खाली करून उचला. मान अरुंद असल्याने पाणी सांडत नाही. आता ही मान हायड्रोजनच्या चोचीवर सैलसर अडकवा. चोचीतून निघालेला बुडबुडा पाण्यातून वर चढतो, फुग्याच्या टोपीशी जाऊन थांबतो आणि त्याच्याएवढे पाणी मानेतून खाली उतरते. पाणी थेंब-थेंब बुचावरून ओघळत राहते, वरची पातळी एकेक रेघ गाठत खाली सरकते. मुले या टप्प्यावर अगदी गप्प होऊन बघतात. जलविस्थापन हा शब्द त्यांनी लिहिलेला असतो. ते असे नजरेसमोर घडताना फार थोड्यांनी पाहिलेले असते.

ठरलेल्या रेघेपर्यंत हायड्रोजन आला की फुगा तसाच, मान खालीच ठेवून, ऑक्सिजनच्या चोचीवर न्या आणि उरलेले भाग भरा. सहावी रेघ गाठली की थांबा. मानेत सुमारे एक सेंटिमीटर पाणी राहू द्यायचे आहे. हे पाणी दोन कामे करते : वायू आत कोंडून ठेवते आणि उड्डाणाच्या वेळी रॉकेटला ढकलायला वस्तुमान देते. भरलेला फुगा दाबायचा नाही. दाबला की पाणी निघून जाते आणि हवा आत येते. भरल्यावर लगेच वापरायचा, ठेवून द्यायचा नाही. हायड्रोजनचे रेणू इतके लहान आणि चपळ की ते प्लॅस्टिकमधूनही हळूहळू निसटतात.

एक शंका हुशार मुले काढतात : वायू पाण्यावर गोळा केला, तर त्यात वाफही असणार ना? असते. २५ अंश सेल्सिअसला ती सुमारे ३ टक्के असते. पण दोन्ही वायूंत ती सारख्याच प्रमाणात असल्यामुळे त्यांचे एकमेकांशी असलेले प्रमाण बिघडत नाही.

उड्डाणमंच

ठिणगीसाठी स्वयंपाकघरातला ‘टक्’ आवाज करणारा गॅस लायटर उत्तम. त्यात दाबल्यावर विद्युतदाब निर्माण करणारा पिझो स्फटिक असतो. लायटरच्या धातूच्या नळीत मधोमध एक टोक असते. ठिणगी त्या टोकापासून नळीच्या कडेपर्यंत उडते. प्लॅस्टिकचे वेष्टन असलेल्या दोन बारीक तारा घ्या. एक मधल्या टोकाला जोडा, दुसरी बाहेरच्या नळीला. दोन्ही तारा एकमेकींना पीळ द्या आणि शेवटची उघडी टोके दोन-तीन मिलिमीटर अंतरावर ठेवा. लायटर दाबला की ठिणगी आता या टोकांमध्ये पडेल. जोडांवर चिकटपट्टी नीट गुंडाळा. नाहीतर हाताला झटका बसतो. तो घातक नसला तरी दचकून हात हलतो आणि रॉकेटची दिशा बदलते.

लाकडाच्या ठोकळ्याला ४५ अंशांत छिद्र पाडून त्यातून ही तारांची जोडी वर काढा. रॉकेट तिच्यावर असे सरकवायचे की टोके मानेतल्या पाण्याच्या वर, वायूत पोचतील. टोकांवर पाण्याचा थेंब अडकला असेल तर ठिणगी पडत नाही. रॉकेट हलकेच हलवले की तो गळून पडतो.

मंच वायू तयार करण्याच्या टेबलापासून किमान दोन-तीन मीटर लांब हवा. समोरची जागा रिकामी हवी. लांब ओटा किंवा शाळेचा व्हरांडा सर्वांत बरा. ‘तीन, दोन, एक’ म्हणून लायटर शिक्षकांनी, किंवा त्यांच्या शेजारी उभे राहून एकाच विद्यार्थ्याने दाबायचा.

सात रॉकेट, एक आलेख

आता खरा प्रयोग. हायड्रोजनचे भाग शून्य ते सहा आणि ऑक्सिजनचे भाग सहा ते शून्य, अशी सात मिश्रणे होतात. प्रत्येक गटाला एक किंवा दोन मिश्रणे वाटून द्या. मानेतले पाणी, मंचाचा कोन, फुग्याचा आकार सारखे ठेवा. बदलू द्या फक्त प्रमाण. उडवण्याआधी प्रत्येक विद्यार्थ्याने वहीत लिहायचे : कोणते रॉकेट सर्वांत लांब जाईल आणि का. मग अंतर मीटरमध्ये आणि आवाज शून्य ते दहा अशा अंदाजाने नोंदवायचा. जमल्यास प्रत्येक मिश्रण तीनदा उडवून सरासरी घ्या.

बहुसंख्य मुलांचा पहिला अंदाज ठरलेला असतो : सगळा हायड्रोजन असलेले रॉकेट सर्वांत जोरात जाईल. जळणारा वायू तोच ना! म्हणून ते रॉकेट सर्वांत आधी उडवायला घ्या. लायटर टक्कन वाजतो, फुग्याच्या आत निळसर ठिणगी स्पष्ट दिसते आणि रॉकेट जागेवरून हलत नाही. पुन्हा टक्. पुन्हा काही नाही. ठिणगी आहे, इंधन आहे, आग नाही. ‘ज्वलनाला ऑक्सिजन लागतो’ हे वाक्य पहिल्यांदाच खरे वाटावे असा तो क्षण असतो. त्याच वेळी विचारा : मग परीक्षानळीतला हायड्रोजन ‘टप्’ करून कसा जळला? कोणीतरी हमखास ओळखते की तिथे नळीचे तोंड उघडे होते आणि ऑक्सिजन हवेतून आला होता.

बाकीच्या रॉकेटांत काय घडेल याचा हिशेब सोपा आहे. हायड्रोजनच्या दोन भागांना ऑक्सिजनचा एक भाग लागतो. एकास पाच या मिश्रणात हायड्रोजनचा एकच भाग जळतो. दोनास चारमध्ये दोन, तीनास तीनमध्ये तीन, चारास दोनमध्ये चारही भाग जळतात आणि काहीच शिल्लक राहत नाही. पाचास एकमध्ये मात्र ऑक्सिजनच संपतो. हायड्रोजनचे दोन भाग जळतात आणि तीन तसेच राहतात. सहास शून्यमध्ये काहीच जळत नाही.

हा आलेख काढून पाहा. तो डावीकडून पायरी-पायरीने चढतो, चारवर शिखर गाठतो आणि उजवीकडे झपकन कोसळतो. दोन्ही बाजू सारख्या नाहीत, यातच सगळे रसायन आहे. डाव्या बाजूला हायड्रोजन कमी पडतो, उजव्या बाजूला ऑक्सिजन, आणि ऑक्सिजनचा एक भाग कमी झाला की हायड्रोजनचे दोन भाग जळायचे राहतात. अकरावीला ‘लिमिटिंग रीएजंट’ शिकवताना आपण आकड्यांची गणिते घालतो. तीच गोष्ट इथे व्हरांड्यातल्या फरशीवर खडूच्या खुणांनी मांडलेली दिसते. प्रत्यक्षात अंतरे या हिशेबाशी तंतोतंत जुळणार नाहीत. मानेतले पाणी थोडे कमी-जास्त होते, थोडी हवा शिरते. पण सर्वांत लांबची खूण चारास दोनच्या रॉकेटाची असते, आणि तिचा आवाजही वेगळा ओळखू येतो : आधीची रॉकेटे फट् करतात, हे टणटणीत वाजते.

दोनास एक म्हणजे नेमके काय?

आकारमानाचे हे प्रमाण गे-ल्युसॅक आणि हुंबोल्ट यांनी १८०५ मध्ये मोजून दाखवले. १८०८ मध्ये गे-ल्युसॅकने वायूंच्या संयोगाचा सर्वसाधारण नियम मांडला. तरीही पाण्याचा रेणू म्हणजे एक हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन, असेच डाल्टन मानत होता. समान तापमान आणि दाबाला वायूंच्या समान आकारमानांत रेणूंची संख्या समान असते, हे अवोगाद्रोने १८११ मध्ये सुचवले. ते सर्वमान्य व्हायला मात्र पुढे अर्धे शतक लागले. म्हणून मुलांना हेही सांगा की त्यांच्या रॉकेटाने आकारमानांचे प्रमाण सिद्ध केले; त्यावरून रेणूंच्या प्रमाणापर्यंत जायला अवोगाद्रोचा नियम हातात असावा लागतो. प्रयोग किती सांगतो आणि तर्क कुठे सुरू होतो, ही रेघ दाखवणे विज्ञानशिक्षकाचे मोठे काम आहे.

विजेच्या ठिणगीने वायू पेटवण्याची कल्पनाही जुनी आहे. व्होल्टाने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बंद नळीतल्या ज्वलनशील वायूला ठिणगी देऊन बूच उडवणारे उपकरण बनवले होते. आपले रॉकेट त्याच घराण्यातले.

ऊर्जेचा हिशेब मोठ्या वर्गांकडून करून घ्या. ३ मिलीच्या फुग्यात २ मिली हायड्रोजन असतो. २५ अंशांना एक मोल वायू सुमारे २४.५ लीटर जागा व्यापतो, म्हणजे आपल्याकडे आहे एका मोलचा सुमारे बारा हजारावा भाग. एक मोल हायड्रोजन जळून वाफ झाली की २४२ किलोज्यूल ऊर्जा सुटते. गुणाकार केला की २० ज्यूलच्या जवळपास आकडा येतो. आता समजा फुग्याचे वस्तुमान १ ग्रॅम आहे आणि तो सरळ १० मीटर उंच गेला. त्यासाठी लागली अवघी ०.१ ज्यूल ऊर्जा, म्हणजे अर्धा टक्का. उरलेली कुठे गेली? आवाज, उष्णता, भिरकावलेले पाणी, हवेचा रोध. ही यादी मुलांनाच करू द्या.

पाणी का हवे?

दुसऱ्या तासाला प्रमाण चारास दोनवर कायम ठेवा आणि मानेतले पाणी बदला : अजिबात नाही, अर्धा सेंटिमीटर, एक सेंटिमीटर, शिवाय फुग्याच्या आतही थोडे. पाणी नसेल तर तप्त वायू सहज निसटतो आणि रॉकेटला फारसा धक्का मिळत नाही. थोडे पाणी असेल तर वायू त्याला जोराने मागे फेकतो आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे फुगा पुढे झेपावतो. पाणी फार झाले तर वायूला जागाच कमी उरते, आणि रॉकेटही जड होते. मधे कुठेतरी सर्वोत्तम बिंदू आहे. तो प्रत्येक गटाने शोधावा. भौतिकशास्त्राच्या शिक्षकांना या तासाला बोलावा.

जिथे माघार नाही असे नियम

हायड्रोजन हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कोणत्याही प्रमाणात पेट घेऊ शकतो आणि त्याला नखाएवढी ठिणगीही पुरते. या प्रयोगाची सुरक्षितता एकाच गोष्टीवर उभी आहे : वायू फक्त तीन-चार मिली आणि भांडे मऊ, एका बाजूने उघडे. या दोहोंपैकी एकही गोष्ट बदलायची नाही.

• ड्रॉपरच्या फुग्यापेक्षा मोठे काहीही भरायचे नाही. प्लॅस्टिकची बाटली नाही, वाढदिवसाचा फुगा नाही, इंजेक्शनची मोठी सिरिंज नाही.
• काच किंवा धातूच्या भांड्यात हे मिश्रण कधीही पेटवायचे नाही. फुटले तर तुकडे उडतात.
• वायू तयार होणाऱ्या नळीजवळ ठिणगी, मेणबत्ती, बर्नर काहीही नको. चोचीशी काडी नेऊन ‘पाहू काय होते’ अजिबात नाही.
• मिश्रण साठवून ठेवायचे नाही. भरले की उडवायचे. नाही उडाले तर पाण्याखाली नेऊन रिकामे करायचे.
• चष्मा प्रयोग सुरू होण्यापासून शेवटचे रॉकेट उडेपर्यंत डोळ्यांवर. न उडालेल्या रॉकेटात कोणीही डोकावायचे नाही. मंचाच्या रेषेत कोणी उभे राहायचे नाही, कानाजवळ रॉकेट धरायचे नाही.
• खिडक्या उघड्या, पंखा चालू, आणि आम्लाच्या टेबलाजवळ वाहते पाणी.

हे नियम का आहेत तेही सांगा. कार्बाइडच्या बंदुकीमुळे मुलांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. तिथेही पाणी, एक घन पदार्थ, जळणारा वायू आणि लायटरच असतो. फरक असतो तो वायूच्या मात्रेचा, कडक नळीचा आणि ‘का उडाले नाही’ म्हणून डोळा लावून पाहण्याचा. वर्गात रॉकेट पाहिलेला मुलगा घरी काही करून बघणार, हे गृहीत धरायलाच हवे. म्हणून त्याला कुतूहलाबरोबर मात्रेचा हिशेबही देऊन पाठवा. तीन मिलीच्या वीस ज्यूलवरून एका लीटरची ऊर्जा त्याला स्वतः काढू द्या. साडेसहा हजार ज्यूलच्या पुढचा आकडा त्याने स्वतःच्या हाताने लिहिला, की ‘करू नको’ म्हणण्यापेक्षा तो अधिक काम करतो.

अडचणी आणि आवराआवर

रॉकेट फुसके निघाले तर बहुधा आत हवा शिरलेली असते : फुगा पूर्ण भरला नव्हता किंवा पहिलाच वायू गोळा केला होता. ठिणगी बाहेर पडते पण आत नाही, तर टोकांमधले अंतर वाढले आहे किंवा तारांचे वेष्टन कुठेतरी सोलले आहे. आधी चांगले उडणारे रॉकेट नंतर मंदावले, तर फुग्याला बारीक चीर गेली आहे का पाहा; पाण्याने भरून हलके दाबले की चीर लगेच दिसते.

उरलेले जस्त धुऊन, वाळवून पुन्हा ठेवता येते. मँगनीज डायऑक्साइड गाळून, वाळवून वजन करायला सांगा. हाताळताना सांडलेले सोडले तर वजन तेवढेच भरते, आणि उत्प्रेरक संपत नाही हे तराजू सांगतो. आम्लाच्या नळीत खाण्याचा सोडा, फेस थांबेपर्यंत, थोडा-थोडा घालून मगच द्रावण भरपूर पाण्याबरोबर सोडा.

वेळेचे म्हणाल तर हे एका तासात बसत नाही, जोडतास हवा. ड्रॉपर कापणे आणि खुणा करणे आदल्या दिवशी उरकले तर उड्डाणांना पुरेसा वेळ मिळतो.

पुढचा प्रश्न

शेवटी मुलांना भारताच्या खऱ्या इंजिनाकडे न्या. ५ जानेवारी २०१४ रोजी जीएसएलव्ही-डी५ च्या उड्डाणात भारतीय बनावटीचा क्रायोजेनिक टप्पा पहिल्यांदा यशस्वी झाला. १४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३ घेऊन गेलेल्या एलव्हीएम३ च्या वरच्या टप्प्यातही हेच दोन पदार्थ होते : उणे २५३ अंशांचा द्रव हायड्रोजन आणि उणे १८३ अंशांचा द्रव ऑक्सिजन. त्या टप्प्यातल्या सीई-२० इंजिनात वस्तुमानाने हायड्रोजनच्या एका भागाला ऑक्सिजनचे सुमारे पाच भाग लागतात.

आता वर्गाला विचारा : आपले दोनास एक हे प्रमाण वस्तुमानात किती होते? हायड्रोजनच्या ४ ग्रॅमना ऑक्सिजनचे ३२ ग्रॅम, म्हणजे एकास आठ. मग इस्रोच्या इंजिनात ऑक्सिजन कमी का ठेवतात? थोडा हायड्रोजन न जळता का सोडून देतात? कारण असे की मागे फेकला जाणारा वायू जितका हलका, तितका तो वेगाने बाहेर पडतो, आणि जास्तीचा हायड्रोजन इंजिनाचे तापमानही आवाक्यात ठेवतो. आवाज सर्वांत मोठा व्हावा हे फुग्यातले उद्दिष्ट; इंधनाच्या प्रत्येक किलोमागे जास्तीत जास्त ढकल मिळावी हे इंजिनातले. उद्दिष्ट बदलले की सर्वोत्तम प्रमाणही बदलते.

हा प्रश्न उत्तरासकट देऊ नका. रॉकेटे उडवून झाल्यावर तो फळ्यावर लिहा आणि घंटा होऊ द्या. ज्या मुलांनी त्या दिवशी स्वतःच्या हातांनी चारास दोन भरले, मोजले आणि तपासले, त्यांच्यापाशी तो सोडवायला लागणारी सगळी हत्यारे आहेत. पुढच्या तासाची सुरुवात त्यांच्या उत्तरांनी करा.